८९४ विजय, १००३ पराभव: यांकीजनी जो टोरीला घेतलं त्या नेमणुकीची केस

आधी एक बायोडाटा वाचा. वय ५५. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणून तीन टीम सांभाळल्या, न्यूयॉर्क मेट्स, अटलांटा ब्रेव्ज आणि सेंट लुईस कार्डिनल्स, आणि तिन्ही ठिकाणाहून काढून टाकलं. ८९४ मॅच जिंकल्या, १००३ हरल्या. शेवटची नोकरी गेली जून १९९५ मध्ये, सीझन चालू असताना. खेळाडू म्हणून नाव मोठं होतं, १९७१ मध्ये नॅशनल लीगचा (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) सर्वोत्तम खेळाडू, त्या वर्षीची बॅटिंग सरासरी .३६३, पण इतकी वर्षं खेळून आणि खेळवून वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे वर्षअखेरच्या फायनलच्या, मैदानावर एकदाही पाय ठेवलेला नाही. आता सांगा, अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त चर्चा होणाऱ्या टीमचा मॅनेजर म्हणून तुम्ही याला घ्याल?

न्यूयॉर्क यांकीजनी या माणसाला, जो टोरीला, घेतलं, २ नोव्हेंबर १९९५ ला. डेली न्यूज पेपरने हेडलाईन दिली 'क्लूलेस जो'. शूलेस जो जॅक्सन नावाचा जुना प्रसिद्ध खेळाडू होता, त्याच्या नावावरून केलेली कोटी, अर्थ काय तर या जोला आपण कुठे येऊन पडलोय याचा पत्ताच नाही. पुढच्या बारा वर्षांत या माणसाने चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या आणि टीम एकही वर्ष प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) बाहेर राहिली नाही. मी ही केस बरीच वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय, कारण शांत माणसाला आपल्याकडे ऑफिसात काय आणि मैदानावर काय, पटकन 'मवाळ' म्हणून मोकळं होतात, आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं.

क्रिकेटवाल्यांसाठी थोडं सांगतो. बेसबॉलमध्ये मैदानावरचे निर्णय कॅप्टन घेत नाही, मॅनेजर घेतो. पिचर (म्हणजे आपला बॉलर) कधी बदलायचा, कोण कितव्या नंबरवर बॅटिंग करणार, कोणाला बाहेर बसवायचं, सगळं तोच ठरवतो आणि खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून डगआऊटमध्ये, मैदानाकडेच्या बाकावर, बसतो. मॅच नऊ इनिंगची, बरोबरी झाली तर पुढे चालू. आणि मॅचेस किती, तर सहा महिन्यांत १६२, म्हणजे जवळपास रोज एक. चांगली टीमसुद्धा बहुतेक वेळा वर्षात साठेक मॅच हरते. म्हणजे बघा, हरलं की ज्याचा पारा चढतो त्याचा पारा वर्षातून साठ वेळा चढणार आणि जुलै येईपर्यंत खेळाडूंनी त्याचं ऐकणं सोडून दिलेलं असणार. अमेरिकन फुटबॉलमध्ये आठवड्यातून एक मॅच असते, तिथे मॅचच्या आधी गरजून खेळाडूंना पेटवता येतं. इथे रोज उठून कोणाला पेटवणार?

आता मालक. जॉर्ज स्टाइनब्रेनरने १९७३ मध्ये यांकीज विकत घेतली आणि पहिल्या २३ सीझनमध्ये २० वेळा मॅनेजर बदलला. बिली मार्टिन नावाच्या एकाच माणसाला तर पाच वेळा नेमलं आणि पाचही वेळा घालवलं. पैसा ओतायचा, हे खरं, जिंकायची भूकही खरी, पण दोन मॅच हरल्या की फोन सुरू, पेपरमध्ये खेळाडूंची नावं घेऊन टीका सुरू. टीममध्ये कोणाचंच चित्त थाऱ्यावर नसायचं. १९९० मध्ये बेसबॉलच्या कमिशनरने त्याला टीमच्या कारभारातून बाहेर काढलं, तो परत आला १९९३ मध्ये, आणि मधल्या काळात जीन मायकल नावाच्या जनरल मॅनेजरने (खेळाडूंची खरेदी-विक्री बघणाऱ्याने) शांतपणे नवीन पोरं जपली. बर्नी विल्यम्स, अँडी पेटिट, मारियानो रिव्हेरा, डेरेक जीटर. मालक रोज ऑफिसात असता तर यातले निम्मे विकले गेले असते असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

टोरीच्या आधीचा मॅनेजर बक शोवॉल्टर हुशार होता, अतिशय बारकाईने काम करणारा. १९९४ मध्ये त्याची टीम ७०-४३ वर (७० विजय, ४३ पराभव) अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात पुढे होती तेव्हा खेळाडूंचा संप झाला आणि वर्ल्ड सिरीजच रद्द. १९९५ मध्ये प्लेऑफमध्ये सिॲटलविरुद्ध पहिल्या दोन मॅच जिंकल्या आणि पुढच्या तीन हरल्या, शेवटची अकराव्या इनिंगमध्ये. मालकाचं म्हणणं, कोचेस बदल. शोवॉल्टर म्हणाला माझी माणसं मी सोडणार नाही, आणि गेला. मायकलनेही जनरल मॅनेजरचं पद सोडलं, त्याच्या जागी बॉब वॉटसन आला. म्हणजे एका महिन्यात वरची सगळी माणसं बदलली आणि टीममध्ये कोणालाच माहीत नाही पुढे काय.

'आम्हाला शांत स्वभावाचा माणूस पाहिजे' असं यांकीजमध्ये कोणी बसून ठरवलं नव्हतं. टोरीला आधी जनरल मॅनेजरच्या जागेसाठी बोलावलं होतं, त्याने नाही म्हटलं. मग मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा आर्थर रिचमन या मालकाच्या जुन्या सल्लागाराने काही नावं दिली, त्यात टोनी ला रुसा, डेव्ही जॉन्सन अशी वजनदार नावं होती आणि एक टोरीचं. ला रुसा सेंट लुईसला गेला, जॉन्सन बाल्टिमोरला, आणि टोरी उरला. आणि नेमल्यानंतरही मालकाचं मन डळमळलं, पेपरवाल्यांनी झोडपल्यावर तो शोवॉल्टरच्या फ्लोरिडातल्या घरी जाऊन परत ये म्हणून सांगून आला. नव्या मॅनेजरची सही वाळायच्या आत जुन्याला परत बोलावणं! मला वाटतं इथे दहातले नऊ जण एकतर भांडले असते किंवा राजीनामा फेकून निघाले असते. टोरीचा हिशोब साधा होता, आधीच्या टीमकडे चांगल्या खेळाडूंवर खर्च करायला पैसा नव्हता, हा मालक त्रास देतो पण खर्च करतो, आणि चांगली टीम हातात आली तर आपल्याला काय जमतं ते एकदा बघायचंय. तो गप्प राहून कामाला लागला.

हा शांतपणा आला कुठून, ते कळल्याशिवाय ही केस अर्धीच राहते.

टोरी ब्रुकलिनचा, पाच भावंडांत शेंडेफळ. वडील न्यूयॉर्क पोलिसात, आणि घरी आईला मारहाण. टोरीने हे स्वतः नंतर जाहीरपणे सांगितलंय. शाळेतून येताना घराबाहेर वडिलांची गाडी दिसली की तो घरात जायचाच नाही, मित्राकडे जाऊन बसायचा. एकदा बहिणीने आईला वाचवायला स्वयंपाकघरातली सुरी हातात घेतली, वडील पिस्तूल ठेवलेल्या ड्रॉवरकडे निघाले, आणि लहानग्या जोने पुढे होऊन बहिणीच्या हातातली सुरी घेतली आणि टेबलावर ठेवली. प्रसंग तिथे थांबला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ काही बोलवेनाच. पुढे अख्ख्या न्यूयॉर्कला डगआऊटमध्ये हाताची घडी घालून, टोपी डोळ्यांवर ओढून, दगडासारखा बसलेला जो माणूस दिसायचा ना, त्याच्या आत हे पोर होतं, कोणी आवाज चढवला की काय होऊ शकतं हे फार लवकर कळलेलं.

डिसेंबर १९९५ मध्ये, म्हणजे ही नोकरी लागून जेमतेम महिना झाला होता, तो बायकोबरोबर एका शिबिराला गेला आणि तिथे अनोळखी लोकांसमोर पहिल्यांदा हे सगळं बोलला आणि रडला. आपण आयुष्यभर आतून घाबरलेले का होतो हे त्याला वयाच्या ५५ व्या वर्षी कळलं. मला ही तारीख फार महत्त्वाची वाटते. तोपर्यंत त्याचा शांतपणा म्हणजे भीती दाबून धरणं होतं, आणि त्यानंतर तो समजून-उमजून शांत राहिला असावा. हा माझा अंदाज आहे, पण १९९६ चं वर्ष बघितलं की तो पटतो.

फेब्रुवारीतल्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये पहिल्याच मीटिंगला त्याने खेळाडूंना सांगितलं की माझे सगळे कोच वर्ल्ड सिरीजला जाऊन आलेत, मी नाही गेलो, मला जायचंय, आणि एकदा नाही, लागोपाठ तीन जिंकायच्यात. एवढंच. स्वतःचं रिकामं ताट सगळ्यांसमोर ठेवलं, खोटा दरारा नाही.

मग जीटर. वय २१, शॉर्टस्टॉप, म्हणजे फिल्डिंगमधली सगळ्यात अवघड जागांपैकी एक. कॅम्प संपत आल्यावर मालकाच्या एका सल्लागाराने सांगितलं, पोरगा तयार नाही. राखीव म्हणून ठेवलेला टोनी फर्नांडिस जखमी झालेला. लगेच चर्चा सुरू की सिॲटलकडून एक अनुभवी शॉर्टस्टॉप आणूया आणि बदल्यात मारियानो रिव्हेरा देऊया. हो, तोच रिव्हेरा जो पुढे जगातला सर्वोत्तम क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग सांभाळणारा पिचर, झाला. मायकल, वॉटसन आणि टोरी या सगळ्यांचं म्हणणं एकच, पोराला खेळू द्या. टोरीने जीटरला सांगितलं होतं तू खेळणार, म्हणजे खेळणार. जीटर त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

आणि मला सगळ्यात आवडतो तो ऑगस्टमधला शिकागोतला प्रसंग. मॅच बरोबरीत, दोन बाद, जीटर दुसऱ्या बेसवर, समोर सेसिल फील्डरसारखा दणकट बॅटर, आणि या पोराने कारण नसताना तिसरा बेस चोरायला, म्हणजे बॅटरने बॉल मारायची वाट न बघता तिथे पोचायला, धाव घेतली आणि आऊट. टोरी आतून उकळत होता, शेजारी बसलेल्या डॉन झिमर या सहाय्यक कोचला म्हणाला आत्ता काही बोलत नाही, उद्या बोलतो. एरवी खेळाडू चूक करून आला की डगआऊटच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लपतो. जीटर इनिंग संपल्यावर सरळ आला आणि टोरी आणि झिमरच्या मधोमध येऊन बसला. टोरीने त्याच्या डोक्यावर मागून एक टपली मारली आणि म्हणाला, चल पळ इथून. विषय संपला.

बघा, राग आला नाही असं नाहीये. राग आला होता, आणि त्याला कळत होतं की या क्षणी बोललो तर शब्द चुकीचे जातील, म्हणून एक दिवस मागे ढकलला. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे पोराने स्वतःहून येऊन शेजारी बसणं. माझ्या पहिल्या नोकरीत एक साहेब होते, केबिनमधून आवाज आला की आमच्या पोटात गोळा यायचा, आणि त्यामुळे आम्ही चुका लपवायचो, त्यांना कळायच्या तेव्हा दुरुस्त करायची वेळ निघून गेलेली असायची. टोरीच्या डगआऊटमध्ये चूक स्वतः चालत येऊन शेजारी बसायची.

ते वर्ष त्याच्यासाठी घरचं म्हणून फार वाईट होतं. जूनमध्ये मोठा भाऊ रोको टीव्हीवर यांकीजचीच मॅच बघताना हार्ट अटॅकने गेला. दुसरा भाऊ फ्रँक, जो स्वतः १९५७ ची वर्ल्ड सिरीज जिंकलेला खेळाडू, हॉस्पिटलमध्ये नवीन हृदयाची वाट बघत पडलेला. मुख्य पिचर डेव्हिड कोनच्या दंडातल्या रक्तवाहिनीला फुगवटा आला आणि मे महिन्यात ऑपरेशन, सप्टेंबरपर्यंत बाहेर. जुलैअखेर गुणतक्त्यात १२ मॅचची आघाडी होती ती सप्टेंबरमध्ये अडीचवर आली, आणि मालकाचा तर तिथे ताबाच सुटत चालला होता. टीमने ९२-७० वर आपली डिव्हिजन, म्हणजे गट, जिंकली, प्लेऑफमध्ये टेक्सासला हरवलं, बाल्टिमोरला हरवलं, आणि टोरी पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला पोचला. खेळाडू आणि मॅनेजर मिळून ४,२७२ मॅचेस लागल्या त्याला तिथपर्यंत, इतकी वाट आधी कोणीच बघितली नव्हती.

समोर अटलांटा ब्रेव्ज, टोरीची जुनी टीम आणि आदल्या वर्षीचे चॅम्पियन. सात मॅचची सिरीज, आधी चार जिंकेल तो विजेता. पहिली मॅच न्यूयॉर्कमध्ये, १२-१ ने हरले. दुसऱ्या मॅचच्या आधी मालक टोरीच्या खोलीत, आज जिंकलंच पाहिजे. टोरीने सांगितलं की आजही आपण हरू शकतो, पण काळजी करू नका, पुढे अटलांटाला जायचंय, ते माझं गाव आहे, तिथे तिन्ही जिंकू आणि शनिवारी इथे येऊन संपवू. स्टाइनब्रेनरला काय वाटलं असेल! त्या रात्री ते खरंच हरले, ४-० ने.

तिसऱ्या मॅचमध्ये सहाव्या इनिंगला कोन दमलेला, बेस भरलेले (तिन्ही बेसवर समोरच्या टीमचे खेळाडू), २-० अशी बारीक आघाडी. टोरी माऊंडवर, पिचर उभा असतो त्या उंचवट्यावर, गेला, कोनच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन डोळ्यांत बघून विचारलं, खरं सांग, तुझ्यात दम आहे का, ही वेळ फार मोठी आहे. कोन म्हणाला आहे. टोरी परत फिरला. एक रन गेला पण कोन त्यातून सुटला आणि मॅच ५-२ ने आली. इथे कोणीही नवा पिचर आणला असता आणि त्याला कोणी नाव ठेवलं नसतं. चौथ्या मॅचमध्ये ०-६ ने मागे पडले. तिथून जिम लेरिट्झचा आठव्या इनिंगमधला तीन रन्सचा होम रन, आणि दहाव्या इनिंगमध्ये बेस भरलेले असताना वेड बॉग्जने चार चुकीचे बॉल सोडून वॉक, म्हणजे पहिला बेस फुकट, मिळवला आणि त्यावर रन आला, शेवटी ८-६. बॉग्ज हा बेंचवर उरलेला शेवटचा बॅटर होता, टोरीने त्याला तोपर्यंत राखून ठेवलेला. ०-६ वर असताना दहाव्या इनिंगसाठी माणूस शिल्लक ठेवायला काय लागतं याचा विचार करा, हात-पाय गाळलेला माणूस सगळे पत्ते सहाव्या इनिंगलाच टाकून मोकळा होतो.

पाचव्या मॅचची गोष्ट मी लोकांना आवर्जून सांगतो, कारण शांत म्हणजे निर्णय न घेणारा असं ज्यांना वाटतं त्यांनी ती ऐकावी. टोरीने बॉग्ज आणि टिनो मार्टिनेझ या दोन मोठ्या नावांना बाहेर बसवलं. पॉल ओनीललाही बसवणार होता, पण झिमर म्हणाला की हा पोरगा वर्षभर दुखऱ्या पायावर खेळलाय, आज त्याला खेळू दे. टोरीने निर्णय बदलला. १-० अशी आघाडी, नवव्या इनिंगमध्ये दोन बाद, आणि शेवटचा उंच मारलेला बॉल ओनीलने त्याच दुखऱ्या पायाने धावत जाऊन भिंतीजवळ पकडला. निर्णय कठोर होता, आणि तरीही शेजारच्या म्हाताऱ्याचं ऐकून त्यातला एक भाग बदलायला त्याला कमीपणा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी, २५ ऑक्टोबरला फ्रँकला नवीन हृदय मिळालं. २६ ला, शनिवारी, यांकीजनी सहावी मॅच ३-२ ने जिंकली. मालकाला सांगितलं होतं तस्संच. १९७८ नंतरचं पहिलं विजेतेपद, आणि वर्षभर दगडासारखा बसलेला माणूस डगआऊटमध्ये सगळ्यांसमोर रडला.

पुढचं पटापट सांगतो, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. १९९८, १९९९, २००० लागोपाठ तीन, पहिल्या मीटिंगमध्ये मागितल्या होत्या तेवढ्याच. १९९८ मध्ये सुरुवात १-४ अशी, पेपरमध्ये टोरी जाणार जाणार, आणि सीझन संपला ११४-४८ वर. १९९९ मध्ये प्रोस्टेट कॅन्सर, झिमरने तेवढ्या वेळात टीम धरली, मे महिन्यात टोरी परत.

टोरी नक्की करत काय होता याचं माझं उत्तर असं आहे. वरून येणारा मालकाचा ताप तो स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि खाली झिरपू द्यायचा नाही. स्टाइनब्रेनर पेपरमधून बोलला तर टोरी त्याला पेपरमधून उत्तर द्यायचा नाही, टीम त्यांची आहे, त्यांना बोलायचा हक्क आहे, अशी त्याची भूमिका. खेळाडूला फटकारायचं तर खोलीत, दार लावून. त्यामुळे खेळाडूंना रोज फक्त बेसबॉलचा विचार करायचा असायचा. आपल्याकडे ग्रेग चॅपेलच्या धुमश्चक्रीनंतर २००८ मध्ये गॅरी कर्स्टन आला, फारसा कॅमेऱ्यासमोर न येता काम करत राहिला, आणि २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण टोरीची टीमही तगडी होती आणि पैसाही होता, हे लपवून चालणार नाही. हाच माणूस, हाच स्वभाव, आधीच्या तीन टीमबरोबर हरलाच होता. शांतपणाने रिव्हेरा तयार होत नाही. तयार असलेला रिव्हेरा घाबरून विकला जात नाही, एवढंच होतं, आणि ते एवढंसं नाहीये.

कमी पडला तिथेही सांगायला हवं. २००४ मध्ये बोस्टनविरुद्ध ३-० अशी आघाडी घेऊन पुढच्या चार हरले, तोपर्यंत प्लेऑफच्या इतिहासात कोणत्याही टीमने अशी सिरीज गमावली नव्हती. ऑक्टोबर २००७ मध्ये क्लीव्हलँडला तळ्यावरून चिलटांचा थवा मैदानावर आला, जोबा चेंबरलेन हा तरुण पिचर मानेपासून तोंडापर्यंत चिलटांनी भरलेला, त्याला दिसेना, बॉल भरकटले, आघाडी गेली आणि मॅचही गेली. टोरी बसून राहिला. नंतर त्याने स्वतः कबूल केलं की टीमला मैदानाबाहेर काढायला हवं होतं. तिथे एकदा तरी उठून अंपायरशी कडाक्याचं भांडायला पाहिजे होतं असं मलाही वाटतं. त्याच महिन्यात क्लबने त्याला एका वर्षाचा, आधीपेक्षा कमी पैशाचा आणि जिंकलास तर बोनस असा करार पुढे केला. तो मालकांच्या घरच्यांना समोरासमोर भेटायला टॅम्पाला गेला, नाही म्हणाला, आणि परत आला. आरडाओरडा तेव्हाही नाही.

२०१४ मध्ये तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला आणि यांकीजनी त्याचा ६ नंबरचा शर्ट कायमचा राखून ठेवला. पण मला त्याचं दुसरं एक काम जास्त जवळचं वाटतं. २००२ मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने घरातल्या मारहाणीत वाढणाऱ्या मुलांसाठी सेफ ॲट होम नावाची संस्था काढली. ही संस्था शाळांमध्ये एक खोली चालवते, तिथे समुपदेशक बसलेला असतो, आणि ज्या पोराला घरी जायची भीती वाटते ते तिथे जाऊन बसू शकतं. खोलीला नाव दिलंय मार्गारेट्स प्लेस. मार्गारेट हे त्याच्या आईचं नाव.